शिगे ओबाराच्या एकतीस सदोष वड्या

१९९२ च्या मार्चमध्ये शिगे ओबाराला संशोधन संस्थेच्या कार्यालयात बोलावून सांगितलं, की यंदा तिचा करार वर्षाचा होणार नाही, सहाच महिन्यांचा होईल. शिवाय मेअखेरीपासून तिने भट्टीवर यायचं नाही, काचेची भांडी धुवायची. तिने कारण विचारलं. कारकुनाने तिची फाइल उलटी फिरवून तिच्यापुढे सरकवली. आत एकतीस कागद होते. प्रत्येकावर तारीख, वडीचा क्रमांक, आणि खाली लाल शाईत एकच शब्द: सदोष.

शिगेने ते कागद एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "या तारखा मी खाली व्हरांड्यात वाचल्यात."

"व्हरांड्यात कुठे?"

"भिंतीवर. मुनाकाता सेन्सेईंचा शोध काचेच्या चौकटीत लावलाय ना, त्यातल्या तक्त्यात. याच तारखा, याच वड्या."

कारकून कसनुसं हसला. "ते विज्ञान झालं, ओबारा-सान. ही कामाची फाइल. दोन्ही वेगळ्या गोष्टी."

एकच वडी एका कागदावर शोध आणि दुसऱ्या कागदावर गुन्हा कशी होते, हे त्या संस्थेत आजही कुणी धड सांगत नाही. म्हणून ते नीट सांगायला हवं.

शिगे उत्तर जपानातल्या मोरिओका गावची. तिच्या घरी तीन पिढ्या लोखंडी किटल्या ओतायच्या. मुलींनी ओतशाळेत पाऊल टाकायचं नाही असा तिच्या वडिलांचा दंडक होता, त्यामुळे ती अंगणात मातीचे साचे वाळवत बसायची आणि उघड्या दारातून भट्टीचा रंग बघायची. कुठल्या रंगाला लोखंड ओतण्याजोगं झालं हे तिला आठव्या वर्षी कळत होतं, आणि तिच्या धाकट्या भावाला पंचविसाव्या वर्षीही कळत नव्हतं. ओतशाळा मात्र भावाला मिळाली. शिगेने वीस वर्षं विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे कप भाजणाऱ्या कारखान्यात काढली. तो कारखाना बंद पडला तेव्हा ती पन्नाशीला आली होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. गावाबाहेर नवी संशोधन संस्था उघडली होती आणि तिथे भट्टी सांभाळायला माणूस हवा होता. तिथे आलेल्या तोक्योच्या तरुण पदवीधरांना भट्टीचं दार कुठल्या बाजूने उघडतं तेही माहीत नव्हतं. शिगेला घेतलं, पण हंगामी म्हणून.

काम असं होतं. इट्रियम, बेरियम आणि तांबं यांची पूड ठरल्या मापाने मिसळायची, दाबून तळहातावर मावेल एवढी काळी वडी करायची, वर बियाणं म्हणून स्फटिकाचा एक कण ठेवायचा आणि वडी भट्टीत घालायची. हजार अंशांच्या वर नेऊन मग तासाला एकेक अंश खाली आणत जायचं. चार-पाच दिवसांनी त्या कणापासून अख्ख्या वडीभर एकसंध स्फटिक वाढलेला असतो. तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला की त्यातून वीज जराही अडथळ्याशिवाय वाहते. जुन्या अतिवाहक धातूंना याहून कितीतरी जास्त थंडी लागायची, म्हणून या काळ्या वड्यांमागे सगळं जग लागलं होतं. चुंबक वर धरला तर तो अधांतरी तरंगत राहायचा. पाहुण्यांना ते दाखवलं की ते लहान मुलांसारखे खाली हात घालून बघायचे.

विभागाचे प्रमुख मुनाकाता तोक्योहून आलेले; त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. चव्वेचाळिशीचे, काटेकोर, चष्म्यावर कधी बोटाचा ठसा दिसायचा नाही. त्यांचा एकच ध्यास होता. स्फटिक निर्दोष हवा. प्रत्येक अणू आपल्या जागी, एकही थर सरकलेला नाही, एकही परका कण नाही. अशा स्फटिकातून सगळ्यात जास्त वीज जाईल असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या मताला संस्थेत कुणी हात लावत नव्हतं.

आता भट्टीला हे मत कुठून माहीत असणार? हजार अंशांच्या वर वडी अर्धी वितळायची, आतला रस तळच्या ताटलीवर झिरपायचा आणि वडी शेगडीवर ठेवलेल्या मोचीच्या चिकट भात-गोळ्यासारखी बसायची. दहातल्या सहा वड्या अशा जायच्या. वितळताना वडीत हिरवे कण तयार होतात आणि ते रस धरून ठेवतात, हे शिगेने फुटक्या वड्या उलटसुलट बघून ओळखलं. मग तिने त्याच तीन पदार्थांची, फक्त निराळ्या मापाची, हिरवी पूड वेगळी करून घेतली. अकीकाच्या खलात ती इतकी घोटली की चिमटीत लागेना, आणि मूळ मिश्रणात जास्तीची घातली. वडी उभी राहिली. नोंदवहीत तिने लिहिलं, "वडी बसत होती. हिरवी पूड जास्त घातली. आता बसत नाही." तारीख घातली, सही केली. काहीही लपवलं नाही.

ती वही पाच महिने कुणी उघडली नाही. वड्या सूक्ष्मदर्शकाची वाट बघत कपाटात साठत गेल्या. सप्टेंबरात एका दुपारी सेन्सेईंनी त्या बघायला घेतल्या, आणि शिगेला सगळ्यांदेखत आत बोलावलं.

"हे ठिपके कसले आहेत?"

"हिरवी पूड आहे, सेन्सेई. वडी बसत होती, म्हणून…"

"घालायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. वडी बसत होती."

"ओबारा-सान, इथे किटल्या ओतत नाहीत." ते हळू आवाजात बोलत होते, त्यामुळे ते आणखी लागत होतं. "एक अणू इकडचा तिकडे झाला तरी आम्ही त्याला दोष म्हणतो. तुम्ही मूठभर कचरा टाकलात."

खोलीत सहाजण होते. एकजण हसला, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. शिगेने कमरेत वाकून माफी मागितली. त्या दुपारी एकतीस कागदांवर शिक्के बसले आणि एक लेखी हुकूम निघाला: दिनांक १४ सप्टेंबर १९९०, यापुढे मिश्रणात हिरवी पूड जास्तीची घालू नये. खाली मुनाकातांची सही. तो हुकूम भट्टीच्या वर भिंतीला चिकटवला गेला, येताजाता दिसेल असा.

वड्या फेकून द्यायला सांगितल्या होत्या. पण चार-चार दिवस जवळ बसून वाढवलेली वस्तू कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. घरी सेनबेई बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा रिकामा होता. तो आणून त्यात तिने त्या एकतीस वड्या कागदात गुंडाळून, तारखा घालून ठेवल्या आणि डबा भट्टीमागे सरकवून दिला.

फेब्रुवारीत मापन विभागाचा याएगाशी तिच्याकडे आला. तो जवळच्याच खेड्यातला, शिगेपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मोकळा. त्याने चुंबकाची ओढ मोजायचा नवा ताणकाटा बनवला होता आणि तो तपासायला त्याला टाकाऊ माल हवा होता.

"चांगली वडी मोडली तर सेन्सेई माझी कातडी सोलतील," तो म्हणाला. "तुमच्याकडे भंगार असेलच ना, शिगे-सान?"

"आहे की. एकतीस नग. शिक्क्यासकट."

तासाभराने तो परत आला तो अंगात कोट न घालताच, मधल्या अंगणातल्या बर्फातून.

"जरा चला माझ्याबरोबर."

त्याने आधी निर्दोष वडी दाखवली. नायट्रोजनमध्ये बुडवलेली वडी, वर तरंगता चुंबक. बोटाने ढकलला तर चुंबक सरकून पडला. मग त्याने भंगारातली एक वडी घेतली. हा चुंबक ढकलला तर परत जागेवर येत होता. याएगाशीने चुंबक चिमट्यात धरून वर उचलला, तर मधे बोटभर मोकळी जागा असताना त्याच्याखाली वडीही उचलली गेली आणि लोंबत राहिली.

"काटा काय म्हणतो?" शिगेने विचारलं.

"जवळजवळ पाचपट. दोनदा मोजलं. जोरदार चुंबकापाशी नेली की निर्दोष वडीतली वीज ढेपाळते. हिच्यातली टिकते."

"का?"

"चुंबकाचा जोर वडीत दोरे दोरे होऊन शिरतो. वीज वाहायला लागली की ती त्या दोऱ्यांना ढकलते. दोरे सरकले की वडी तापते आणि सगळा खेळ संपतो. निर्दोष वडीत त्यांना अडवायला काहीच नाही, गुळगुळीत फरशी. तुमच्या वडीत जागोजाग कण आहेत, कणांभोवती थर सरकलेले आहेत. दोरे तिथे अडकून बसतात."

शिगेने आपले हात पुढे धरले. भट्टीने आणि थंडीने बोटांना भेगा पडलेल्या होत्या. "रेशमी किमोनोची घडी घालते ना, तेव्हा धागे असेच अडकतात. सासूबाई बोंब मारायच्या."

"तसंच. पण सगळेच दोष कामाचे नाहीत बरं का. आरपार भेग गेली तर वीजच तुटते. हे बारीक आहेत आणि सगळीकडे सारखे पसरलेत. इतकी बारीक पूड कशी केलीत?"

"घोटली," शिगे म्हणाली. "दुसरं काय करणार? जा, सेन्सेईंना सांग. मी सांगितलं तर कचरा होईल."

याएगाशीने सांगितलं. सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं, डबा मागवून घेतला आणि याबद्दल कुणाशी बोलू नका म्हणाले. तीन महिने शांतता होती. मग एके सकाळी ते स्वतः भट्टीपाशी आले आणि तोंडी सांगितलं, "उद्यापासून हिरवी पूड जास्तीची घालायची. बारीक करून." एवढंच. भिंतीवरच्या हुकुमाकडे त्यांनी बघितलं नाही. शिगेला वाटलं, आता शिक्के पुसले जातील, कुणीतरी दोन शब्द बोलेल. ती कामाला लागली.

शरद ऋतूत सेंदाईच्या परिषदेत मुनाकातांनी निबंध वाचला: हेतुपुरस्सर दोष पेरून अतिवाहकाची ताकद वाढवण्याची नवी पद्धत. प्रयोगाची आखणी १९९० च्या वसंतात केली, असं त्यात छापलं होतं. तक्त्यात एकतीस नमुने, त्यांच्या तारखा आणि माप. याएगाशीचं नाव पाचवं होतं. शिगेचं नाव कुठेच नव्हतं, आभारांतही नाही. आभार भट्टी बनवणाऱ्या कंपनीचे मानले होते.

हेतुपुरस्सर! हेतू असलाच तर तो एका बाईचा होता, आणि तोही वडी बसू नये एवढाच. शिगेला मोठेपणा नकोच होता. खरं सांगायचं तर तो निबंध वाचूनही ती घरी जाऊन जेवली, झोपली. तिचं डोकं फिरलं ते मार्चमध्ये, ती फाइल बघून.

त्याच दिवशी ती सेन्सेईंच्या खोलीत गेली. दार ठोठावलं, आत जाऊन उभी राहिली.

"या एकतीस वड्या बिघडलेल्या होत्या की नव्हत्या?"

"बसा, ओबारा-सान."

"उभीच बरी. बिघडलेल्या असतील तर व्हरांड्यातली ती चौकट काढा. नसतील तर माझ्या फाइलीतले शिक्के काढा. दोन्हींपैकी एक काहीतरी खरं असेल ना?"

मुनाकातांनी चष्मा काढून पुसला. "त्या वेळच्या नियमाप्रमाणे ते काम सदोषच होतं. नंतर आम्ही त्याचा अर्थ लावला. अर्थ लावणं हेच संशोधन असतं."

"मग तुम्ही आखणी केली होती असं का छापलंत?"

मुनाकाता समोरचे कागद जुळवू लागले.

"बरं," शिगे म्हणाली. "निदान हिरवी पूड घालायचा हुकूम तरी लेखी द्या. तुमच्या सहीचा लेखी हुकूम आजही घालू नका असंच म्हणतो. उद्या परत कुणी शिक्के मारले तर?"

"त्याची गरज नाही. तोंडी सांगितलंय, पुरे आहे."

का पुरे, हे तिला दारातून बाहेर पडताना कळलं. आजच्या तारखेचा हुकूम निघाला असता तर आधी बंदी होती हे कागदावर आलं असतं, आणि मग वसंतातली ती आखणी हास्यास्पद ठरली असती. घरी तिने भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, कशाला नादी लागतेस? मोठी माणसं आहेत." तिने फोन ठेवून दिला आणि तीन आठवडे त्याच्याशी बोलली नाही.

मे महिन्यात प्रांताचे मोठे अधिकारी आणि तोक्योचे पाहुणे येणार होते. मुनाकातांनी ठरवलं की गावची ओळख म्हणून एक लोखंडी किटली चुंबकाला बांधायची आणि नव्या सात वड्यांखाली ती अधांतरी लटकवून दाखवायची. शिगेचं भट्टीवरचं ते शेवटचंच काम. तिने सात वड्या केल्या, अगदी भिंतीवरच्या हुकुमाबरहुकूम. पूड तिळभरही जास्त नाही. उभ्या राहिलेल्या सात मिळवायला तिला एकवीस घालाव्या लागल्या. त्या काळ्याभोर, एकसारख्या, चकचकीत होत्या. इतक्या निर्दोष वड्या तिने आयुष्यात केल्या नव्हत्या. खोक्यावर तिने चिठ्ठी चिकटवली: "१४ सप्टेंबर १९९० च्या लेखी हुकुमाप्रमाणे तयार केल्या आहेत. वजन पेलणार नाहीत. ओबारा." आणि खोकं स्वतः सेन्सेईंच्या हातात दिलं.

त्यांनी चिठ्ठी वाचली. "हा काय पोरखेळ आहे?"

"हुकूम आहे."

त्यांनी चिठ्ठी खणात टाकली. बाईला राग आलाय, घाबरवतेय, असं त्यांना वाटलं असावं. तोंडी सांगितल्यापासून वर्षभर तिने केलेला माल त्यांना हवा तसाच निघत आला होता. वड्या तपासायला याएगाशीकडे पाठवल्याच नाहीत.

कार्यक्रम सकाळी अकराला होता. पाहुणे खुर्च्यांवर, टेबलावर चहा आणि सेनबेई, कडेला भिंतीशी शिगे आणि याएगाशी. नायट्रोजनचा पांढरा धूर खाली ओघळत होता. मुनाकाता दोषांबद्दल फार सुंदर बोलले. दोषांना घाबरू नये, त्यांना कामाला लावावं, असं म्हणाले. मग त्यांनी किटली खालून वर नेली, अंतर जुळवलं आणि हात काढून घेतला.

किटली क्षणभरही थांबली नाही. टेबलावर आदळली, तिचं झाकण घरंगळत एका पाहुण्याच्या बुटापाशी जाऊन पडलं.

संस्थेचे संचालक पुढच्या रांगेत होते. अंगाने बारीक, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "या वड्या कुणी केल्या?"

"मी," शिगे म्हणाली.

"काय चुकलं?"

"काही चुकलं नाही, संचालकसाहेब. या वड्यांत एकही दोष नाही. भट्टीवर हुकूम लावलाय तशाच केल्यात. ज्या वड्या वजन पेलतात त्या केल्या म्हणून माझ्या फाइलीत एकतीस शिक्के आहेत. बत्तिसावा मला नको होता."

"ओबारा-सान, ही जागा नव्हे," मुनाकाता म्हणाले.

"दीड वर्ष मी जागाच शोधतेय," शिगे म्हणाली.

मग याएगाशी पुढे झाला. पाचव्या नावाचा माणूस, त्यालाही नोकरी होती. "मापं माझी आहेत," तो म्हणाला. "फेब्रुवारी एक्याण्णवपर्यंत त्या वड्या भंगारात होत्या. या बाईंनी त्या टाकल्या नाहीत म्हणून मिळाल्या. आखणी वगैरे काही नव्हती."

पाहुण्यांना जेवायला नेलं. दुपारी संचालकांनी नोंदवही, फाइल आणि निबंध असं तिन्ही आपल्या टेबलावर मागवलं आणि शिगेला समोर बसवून सगळं वाचलं. शेवटी त्यांनी एकतीस कागदांवर स्वतःच्या हाताने आडवी रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेवर आपला शिक्का उमटवला. करार पुन्हा वर्षाचा झाला. शिगे भट्टीवर राहिली. हिरव्या पुडीचा हुकूम लेखी निघाला, त्यावर खरी तारीख पडली.

"आणि निबंध?" तिने विचारलं होतं.

"छापून गेलेल्या गोष्टीचं अवघड असतं," संचालक म्हणाले होते. "संस्थेचं नाव आहे त्यात."

म्हणजे रेघ ओढायची ती कपाटातल्या फाइलीवर, जिथे कुणी बघत नाही. भिंतीवरची चौकट तशीच राहिली. पुढल्या वर्षी मुनाकातांना तोक्योत प्राध्यापकाची जागा मिळाली. याएगाशीला काही मिळालं नाही, बढतीही नाही. तो नागोयाला दुसऱ्या नोकरीवर निघून गेला. निरोपाला शिगेने त्याला घरी कणकेच्या चकत्यांचं, हित्त्सुमीचं गरम सार करून वाढलं. दोघांनी मुनाकातांचं नाव काढलं नाही, आणि जेवण त्यामुळेच जरा लवकर उरकलं.

शिगेने आणखी सहा वर्षं भट्टी सांभाळली. ती व्हरांड्यातून जायची नाही, मागच्या जिन्याने जायची. आता जाऊ द्या म्हणणाऱ्यांना ती विचारायची, "तुमचं काय गेलं?"

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी जर्मनीतल्या एका बाईंचं पत्र आलं. त्या याच कणांवर काम करत होत्या. पहिल्या वड्यांत पूड किती आणि किती बारीक घातली होती, हे त्यांना निबंधातून कळत नव्हतं. मुनाकातांकडून उत्तर आलं नव्हतं. याएगाशीने त्यांना शिगेचा पत्ता दिला होता. शिगेने आठवून आठवून चार पानं लिहिली. खल कुठला, किती वेळ घोटायचं, पूड चिमटीत कशी लागायला हवी, भट्टीचा रंग कसा हवा. याएगाशीने ते इंग्रजीत करून पाठवलं.

वर्षाने छापील निबंध आला. शेवटी आभार होते: मोरिओकाच्या श्रीमती शिगे ओहारा यांचे, ज्यांनी अशा पहिल्या वड्या घडवल्या. पत्त्यात आणि सहीत तिचं आडनाव जपानी अक्षरांतच गेलं होतं, आणि ती दोन अक्षरं दुसरीकडे ओहारा अशीही वाचतात. मोरिओकाच्या इवाते प्रांतात ओबारा.

शिगेने ते वाचलं आणि चष्मा काढला. मग टेबलाशी बसून पत्र लिहिलं: आपण आभार मानलेत, चांगलं केलंत. पण ही बाई मी नव्हे. माझं नाव ओबारा. दुरुस्त करावं.

दोन महिन्यांत दुरुस्ती छापून आली. एका ओळीची, पानाच्या तळाशी. तिने ती भावाला दाखवली. तो म्हणाला, "झालं ना आता समाधान?"

"कसलं समाधान?" शिगे म्हणाली. "कधी न पाहिलेल्या बाईने दोन महिन्यांत चूक मान्य केली. इथल्यांना दहा वर्षांत एक ओळ लिहवली नाही. आता तर मला जास्तच राग येतोय."